कशाचीच नसलेली मूठ

३ जानेवारी

प्रिय मामा,

फोनवर तू "हं, हं, बरं, ठेवतो" याच्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्र. पत्रसुद्धा तू मधेच ठेवून देशील, पण निदान मला ते ऐकू येणार नाही.

आई सांगत होती, तू कारखाना मोडतोयस. मार्चअखेर कुणी फर्निचरवाला येणार आणि तुझी लेथ उचलून नेणार. पस्तीस वर्षं पटाश्यांना, टोच्यांना, कानशींना लाकडी मुठी करून देणारा माणूस एके दिवशी उठून म्हणतो, पुरे! मी आईला विचारलं, का? ती म्हणाली, "कंटाळला असेल." आईला तिचा भाऊ कधी कळलाच नाही. तुला पाहुण्यांचा कंटाळा येतो, फोनचा येतो, माझ्या प्रश्नांचा तर फारच येतो. लाकडाचा आलेला मी कधी पाहिला नाही. खरं कारण कळव.

आणि लेथ जायच्या आत माझं एक काम करून दे.

आमच्या प्रयोगशाळेत माणसाला मोठ्या यंत्रात आडवं निजवून वस्तूंचे फोटो दाखवतात आणि त्या वेळी त्याच्या मेंदूत काय चाललंय ते पाहतात. गंमत अशी, की हातोडीचा फोटो दाखवला की माणूस हात पोटावर ठेवून गप्प पडलेला असतो, तरी डोक्यातला हात चालवणारा भाग जागा होतो. घराचा फोटो दाखवला तर होत नाही. म्हणजे वस्तू ओळखणं आणि ती वापरता येणं ही डोक्यातली दोन शेजारची घरं आहेत. एकाची बेल वाजली की दुसरं दार उघडतं. हा शेजार जमतो कसा, हे मला शोधायचंय. त्यासाठी कुणी कधीही न पाहिलेली अवजारं हवीत. आधी लोकांना नुसती दाखवायची, मग मी ठरवलेला वापर शिकवायचा, मग पुन्हा दाखवायची.

अशा आठ वस्तू दे. मूठ असावी, अवजारासारखी दिसावी, पण कशाची ते कुणालाही सांगता येऊ नये. यंत्र मला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मिळणार आहे.

तुझी,
भाची

११ जानेवारी

मेंदूबाई,

पत्र मिळालं. पस्तीस वर्षांत माझ्याकडे जेवढी गिऱ्हाइकं आली त्या सगळ्यांचं रडगाणं एकच. मूठ हातात बसत नाही, बसेल अशी करून द्या. ती कशाची आहे हे कळताच कामा नये, असं सांगणारी तू पहिली. एवढं शिकून शेवटी मला बिघडवायला निघालीस.

अक्षर मामीचं आहे. माझा चष्मा फुटलाय. (फुटलेला नाही, सापडत नाहीये. – मामी) फुटला काय आणि सापडत नाही काय, मी सांगतोय आणि ही लिहितेय, एवढं तुला पुरे.

कारखान्याचं म्हणशील, तर कंटाळा हे कारण चांगलं आहे, तेच ठेव. शिवाय गुडघे. दिवसभर लेथसमोर उभं राहणं म्हणजे काय, ते खुर्चीत बसून लोकांच्या डोक्यात डोकावणाऱ्यांना कळायचं नाही. ऑक्टोबरात मला चक्कर येऊन दोन दिवस हॉस्पिटलात काढावे लागले, हे तुला आईने सांगितलं असेलच. डॉक्टर म्हणाले, दगदग कमी करा. आता ठणठणीत आहे. जेवतो, झोपतो, भांडतो. (तिन्ही वेळेवर.)

सहा वस्तू पाठवतोय. खास तुझ्यासाठी घडवल्या. (धूळ मी पुसली.) त्या कशाच्या आहेत हे कुणी सांगितलं तर मी मिशी काढीन.

तुझा,
मामा

२४ जानेवारी

प्रिय मामा,

मिशी काढ.

"खास माझ्यासाठी घडवलेल्या" वस्तूंपैकी एकीच्या बुडाशी पेन्सिलीने साल लिहिलंय. त्या साली मी जन्मले नव्हते. बाकीच्यांचीही रवानगी थेट जुन्या फळीवरून झालेली दिसते. असो.

आमचा नियम असा, की वस्तू दहा जणांना दाखवायची आणि तिघांनी एकच उपयोग सांगितला तर ती बाद. पहिली, ती अळंबीसारखी, मी कँटीनच्या मावशींपुढे धरली. त्यांनी वाक्यही पूर्ण करू दिलं नाही. "मोज्यात घालायची, भोक ताणून वरून रफू करायचं. आमच्या आईकडे होती." मागच्या रांगेतल्या चौघांनी माना डोलावल्या. दुसरी, लांब आणि वाकडी, लिफ्टवाल्यांनी हातात घेतली, कॉलरमधून आत सोडली आणि पाठ खाजवली. ती आता लिफ्टमध्ये खिळ्याला असते. परत मागायची माझी हिंमत नाही. तिसरी आमच्या सरांच्या टेबलावर आहे. मान अवघडली की ते तिचं बोंड मानेला लावून डोळे मिटतात. चौथीने डब्यांची झाकणं उघडतात. पाचवी आणि सहावी तर मलाच सोडवत नाहीत. एकीने मी खिडकीची घट्ट कडी सरकवते, दुसरी नुसती हातात धरून बसते.

मामा, तुझ्या हाताला निरुपयोगी काही जमतच नाही. जरा मन लावून चूक. आता फेब्रुवारीत तरी खरोखर नव्याने काही कर, जुन्या फळीवर भागवू नकोस. आणि चष्मा करून घे. स्वतःच्या आळसासाठी दुसऱ्याचं अक्षर झिजवणं बरं नव्हे.

तुझी,
बिघडवणारी भाची

१० फेब्रुवारी

पोरी,

ही चिठ्ठी माझी एकटीची. मामा झोपलाय. कारखान्यातल्या भुश्शाच्या खोक्यात या चार वस्तू पडल्या होत्या, त्या पाठवते. त्याला विचारलं नाही. विचारलं की तो नाहीच म्हणतो. मी त्या दोन दिवस स्वयंपाकघरात ठेवून पाहिल्या, कशालाही उपयोगी पडल्या नाहीत. मला तिकडचं काही कळत नाही हे खरं, पण तुला असंच हवं होतं ना?

खोकं दोरीने बांधलंय, कापू नकोस, गाठ सोड. दोरी चांगली आहे.

मामी

१६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

टाळ्या! दहापैकी दहा जणांनी हात टेकले.

कँटीनच्या मावशींनी एकेक वस्तू डोळ्यांसमोर फिरवली आणि पहिल्यांदाच "आमच्या आईकडे होती" असं म्हणाल्या नाहीत. लिफ्टवाले दोन मजले चुकले. आणि त्या चौथीने, लहान, चपट्या, जिचा फुगवटा भलत्याच टोकाला आहे, तिने तर आमच्या सरांना पाऊण तास बसवून ठेवलं. तिच्यावर तू बोटांसाठी खाच केलीयस, पण अशा जागी की तिथे कुठलंच बोट पोचत नाही! सर म्हणाले, "ज्याने ही केली त्याने आयुष्यभर हाताचा अभ्यास केलाय आणि मग ठरवून प्रत्येक जागी हाताला नकार दिलाय. एवढं हुशारीने चुकायला फार कसब लागतं."

बघ, मनावर घेतलंस की जमतं. आता अशाच आणखी चार हव्यात. एवढं करून कंटाळा आला म्हणतोस? अशा माणसाने लेथ विकणं हा गुन्हा आहे. फर्निचरवाल्याला सांग, घर चुकलास म्हणून.

मामीला सांग, गाठ सोडली. वीस मिनिटं लागली.

तुझी,
भाची

२२ फेब्रुवारी

पोरी,

तुझं पत्र मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. वाचता वाचता मला कळलं, हे त्याच्यापुढे वाचायला नको होतं, पण तोंडातून शब्द निघून गेले होते. तुझ्या सरांचं ते वाक्य त्याने मला पुन्हा वाचायला लावलं. मग हसला. म्हणाला, "ती चौथी तुझ्या भाजीच्या सुरीची होती."

माझ्या सुरीची मूठ महिनाभर हलत होती. ती त्याने करायला घेतली होती. बाकीच्या तिघींपैकी दोन पटाशीच्या आणि एक टोच्याची. चार साध्या मुठी, पोरी. पूर्वी सकाळच्या चहाआधी करायचा तशा. त्यांना तीन आठवडे लागले आणि त्याने स्वतःच उचलून भुश्शात टाकल्या. तू निरुपयोगी मागत होतीस, मला त्या निरुपयोगी दिसल्या, मी पाठवल्या. त्या कुणी मुद्दाम चुकवल्या नव्हत्या.

आता सगळंच सांगते. ऑक्टोबरात नुसती चक्कर नव्हती. डोक्यात डाव्या बाजूला रक्ताची बारीक गाठ होती. बोलणं ठीक, चालणं ठीक, हातात जोर आधीइतकाच. डॉक्टरांनी चार गोष्टी विचारून घरी सोडलं. घरी आलो तेव्हा दाराशी किल्ली हातात घेऊन हा उभा. म्हणाला, "ही किल्ली आहे. याच कुलपाची आहे. हिचं पुढे काय करायचं असतं?" मला वाटलं, थट्टा करतोय. तेहेतीस वर्षं थट्टाच करतोय, मला कसं कळावं? पेनाचंही तसंच. चष्मा उशाला आहे.

गंमत म्हणजे घाईत, लक्ष नसताना, सगळं जमतं. जेवताना चमचा बरोबर तोंडाकडे जातो. थांबून बघितला की अडतो.

तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती. म्हणे, "तिला कळलं तर ती मला त्या यंत्रात घालेल." आणि फर्निचरवाल्याला मीच निरोप धाडला. ती लेथ गरागरा फिरते आणि हा तिच्यासमोर उभा राहून विचार करतो, मला बघवत नाही. अवजारांतलं मला ओ की ठो कळत नाही, मला ती सगळी सारखी दिसतात, टोकदार. पण त्याचं तोंड मला कळतं. कारखान्यातून परत येतो तेव्हा ते बघवत नाही.

तुझ्यावर रागावलेला नाही. माझ्यावर दोन दिवस होता, आता तोही नाही.

मामी

२५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

मी रोज या गोष्टीवर पगार घेते आणि ती घरात शिरली तर मी तिला आळस म्हटलं. चष्मा कर, असा सल्लाही दिला. माझी मिशी असती तर काढली असती.

एवढंच. आता कामाचं बोलू.

तुझी ओळख शाबूत आहे. पटाशी ही पटाशी आहे हे तुला कळतं. हातही शाबूत आहे. मधला निरोप्या मात्र दांडी मारतो. डोळ्यांकडून आत दोन वाटा जातात. एक सांगते, ही वस्तू कोण. दुसरी सांगते, हात कुठे आणि कसा न्यायचा. या दोघींची गाठ जिथे पडते तिथे, डाव्या बाजूला, वापराची जुनी सवय राहते. तिथलीच थोडी वाट खचलीय. पण सगळी नाही, हे मामीने सांगितलेल्या चमच्यावरून दिसतंय.

आमच्याकडे एक शिंपीकाका येतात. टेबलावर कात्री ठेवून म्हटलं, "दाखवा कशी चालवतात", तर हात हवेत लटकतो. पण समोर कापड ताणून धरलं आणि कात्री आयती हातात दिली, की सरळ कापत जातात. दर वेळी नाही. पण बऱ्याचदा.

म्हणून तीन गोष्टी. एक, हाताचे व्यायाम घेणारे कुणी तिथल्या हॉस्पिटलात असतील, त्यांच्याकडे उद्याच जा. दोन, लेथला हात लावायचा नाही. मामी, तिचा फ्यूज काढ आणि तुझ्या पर्समध्ये ठेव. तीन, लाकूड शिकंज्यात आवळ, त्याच्याकडेच बघत राहा आणि अवजार स्वतः उचलू नकोस. मामीने हातात द्यायचं.

हे करून काय होईल, मला माहीत नाही. खोटं आश्वासन दिलं तर तू ओळखशील. पण मार्चअखेरपर्यंत वेळ आहे. लेथ विकायची की नाही, हे त्या चार मुठींवरून ठरवू नकोस. त्या मी बाजूला ठेवल्यात. म्हणशील तर परत पाठवते. पटाशी हातात घेतलीस की नेमकं काय होतं ते मला सांग. भाचीला सांग, मेंदूबाईला नको.

तुझी

७ मार्च

मेंदूबाई,

रडकं पत्र होऊ नये म्हणून तू घेतलेले कष्ट दिसले. बरं जमलंय.

मुठी परत पाठवू नकोस. तुझ्या कामाच्या असतील तर वापर. फक्त तुझ्या सरांना सांग, त्या ठरवून चुकवलेल्या नाहीत. त्या माणसाला फसवल्यासारखं वाटतं. (मला नाही वाटत. पाऊण तास फुकट बसला, त्याची चूक.)

विचारलंस म्हणून सांगतो. भिंतीवर पटाश्या टांगलेल्या आहेत. बघतो. ही अर्ध्या इंचाची गोल पटाशी. हिला धार मीच लावतो, दुसऱ्याला लावू देत नाही. हिने एकदा माझ्या अंगठ्याला तीन टाके घालायला लावले. सगळं आठवतं. मग ती हातात घेतो आणि हात विचारतो, बरं, पुढे? कधी पेनासारखी धरतो, कधी झाडूसारखी. चुकतंय हे दिसतं. काय चुकतंय ते दिसत नाही. आजवर मी लोकांना सांगत आलो, आता कुणाला विचारू? (मला.) हिला.

तुझ्या व्यायामवाल्या बाईंकडे जाऊन आलो. तुझ्याच वयाची. म्हणाली, "आजोबा, चमच्याने कसं खातात दाखवा बरं." आजोबा! मी म्हटलं, आधी चमच्यात काहीतरी घाला, मग दाखवतो. ती म्हणाली, अगदी बरोबर बोललात. सारखी "अगदी बरोबर" म्हणते. मला पोरगी आवडली.

आता कारखाना. लाकूड आवळलं, त्याच्याकडे बघत बसलो. कड उतरवायची होती. म्हटलं, गोल पटाशी दे. हिने रंधा दिला. (त्यालाही मूठ होती.) मग टोचा दिला. मग करवत. शेवटी मिळाली, पण तोवर मी "गोल पटाशी, गोल पटाशी" असा इतका जप केला होता, की ती धरतात कशी याचाच विचार सुरू झाला. विचार आला की हात गेला. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी हिने चुकून पहिल्याच खेपेला बरोबर दिली. मी तोंड उघडायच्या आत हात चार वेळा फिरला होता. चार कपच्या निघाल्या, पातळ, सारख्या. मग मी हाताकडे पाहिलं आणि संपलं.

फर्निचरवाला तीस तारखेला येतोय. चार कपच्यांवर कारखाना चालत नाही. येऊ दे त्याला.

तुझा,
मामा

१२ मार्च

प्रिय मामा,

चार कपच्या! माझ्याकडे शिंपीकाका पहिल्या महिन्यात अर्धी बाही कापू शकले नव्हते.

तुझ्या पत्रातच उत्तर आहे, तू ते वैतागाच्या भरात लिहून घेतलंस. नाव घेतलं की हात जातो, तर नाव घेऊ नकोस. तोंड मिट. हे तुला अवघड जाईल, मला कल्पना आहे. आता तू बोलला नाहीस तर काय हवंय हे मामीला कळणार कसं, ते मला ठाऊक नाही. ते तुम्ही दोघांनी बघा. इतक्या वर्षांत तू मामीला "जरा ते दे" यापलीकडे कधी काही सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि "ते" तुला नेहमी मिळतं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या मामांना माझा नमस्कार कळव आणि मला क्षमा करायला सांग. चार मुठींवर प्रयोग भागवायला त्यांची हरकत नाही. काल प्रयोगातल्या पहिल्या बाई यंत्रातून बाहेर आल्या. आज तुझी सुरीची मूठ घेऊन त्या खुंटीवरून कड्या उचलायला शिकताहेत, तो वापर मी ठरवलाय. सुरुवातीला त्यांनी ती चारदा उलटी धरली. वैतागून म्हणाल्या, "ही कशी धरायची हे हिलाच माहीत नाही!" मला तुझी फार आठवण आली.

तीस तारखेआधी मी काही म्हणणार नाही. लेथ तुझी आहे, हात तुझा आहे.

तुझी,
भाची

२ एप्रिल

मेंदूबाई,

माझ्या चुकलेल्या मुठीला तू शेवटी कामाला लावलंस. कड्या उचलायला! निरुपयोगी काही तुलाही जमत नाही, हे मात्र घराण्यातच दिसतं. सरांना म्हणावं, क्षमा केली, माझी वस्तू मानेला लावता तेवढी सांभाळून लावा.

तुझं ऐकून मी तोंड मिटलं. हिला हा उपचार फार आवडला. (फार.) पहिले तीन दिवस ही भिंतीवरची एकेक वस्तू पुढे करायची आणि मी मान हलवायचो. चौथ्या दिवशी एकदम ओरडली, "थांब, हात तसाच ठेव!" मी बघायला वळलो तर म्हणाली, "तू नको बघूस!" पुढचं तीच सांगेल, मी तेव्हा लाकडाकडे बघत होतो.

(मी सांगते. तो लाकडाकडे बघत होता आणि उजवा हात मागे, माझ्याकडे पसरलेला. तो हात आपला आपण बदलत होता. जाड कड आली की चारही बोटं रुंद उघडायची. बारीक काम आलं की अंगठा आणि दोन बोटं जवळ यायची, उरलेली दोन आत वळायची. त्याला पत्ताही नव्हता. मग मी त्या हाताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि त्या रिकाम्या जागेत काय मावेल ते उचलून दिलं. बरोबर निघालं. मला नावं अजून येत नाहीत. पण कुठली त्या हाताची, ते दिसतं. आधी सगळी टोकदार दिसायची, आता एकही दुसरीसारखी दिसत नाही.)

झालं हिचं? तर हात दहात सहा वेळा चालतो. चार वेळा नाही. मग आम्ही चहा पितो. पंधरा दिवसांत तीन मुठी झाल्या, त्यातली एक तिरकी आहे. पूर्वी मी दिवसाला तीस करायचो. ही बेरीज-वजाबाकी मला येते, म्हणून तुला सांगून ठेवतो, तीस तारखेला मी मनाने लेथ देऊन मोकळा झालो होतो.

फर्निचरवाला सकाळी दहाला आला. बरोबर टेम्पो, दोन माणसं, जाड दोर. आम्ही कामात होतो. मी त्याच्याकडे बघितलं असतं तर हात गेला असता, म्हणून बघितलं नाही. हिनेही बघितलं नाही, ती माझ्या हाताकडे बघत होती. तो दारात उभा राहिला. किती वेळ, कोण जाणे. मुठीचा निमुळता गळा पुरा उतरला, तेव्हा तो खाकरला.

म्हणाला, "काका, काम बंद आहे असा निरोप होता."

मी म्हटलं, "बंदच म्हणायचं. न्या."

माणसं लेथकडे निघाली. दोन पावलं गेली असतील.

"न्यायची नाही," ही म्हणाली.

"काकू, निरोप तुमचाच होता."

"माझाच होता."

"पण काकांना आता..."

"काकांना काय येतं आणि काय येत नाही ते मला विचारा," ही म्हणाली, "या माणसाचं काम मी तेहेतीस वर्षं बाहेरून बघितलं. आत्ता कुठे मला त्यातलं कळायला लागलंय, आणि तुम्ही एवढ्यात दोर घेऊन आलात!"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी काय करणार? मी लाकडाकडे बघितलं. माझ्या हातात आपोआप काहीतरी आलं, आणि ते बरोबर होतं.

त्याला हिने चहा दिला. मग खाली टेम्पोपाशी हिचं आणि त्याचं बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं, तो रागावलेला दिसला नाही. लेथ जागेवर आहे. बंद आहे आणि बंदच राहील. मला ते मान्य आहे. फिरत्या लाकडासमोर दहात सहा चालत नाही.

तुझा,
मामा

(त्याचं सांगून झालं, तो आत गेला. पाकीट मीच चिकटवणार आहे. लेथ फार दिवस बंद राहायची नाही. तो फर्निचरवाला मला ती चालवायला शिकवणार आहे, सोमवारपासून, सकाळी हा व्यायामाला गेला की. याला अजून सांगितलेलं नाही. पहिली मूठ तिरकी येणार, ते माहीत आहे. ती मी याच्या हातात देईन आणि याचा हात कुठे अडखळतो ते बघेन. – मामी)